लाइन्ड स्नेक शोधणाऱ्या नवख्यासाठी

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या गवताळ मैदानात लाइन्ड स्नेक पाहण्याची तुमची इच्छा पूर्ण होणे अवघड नाही. मात्र उघड्या गवतात भटकण्याऐवजी वसंतातील पावसानंतर ओलसर जमिनीवरचे सपाट दगड तपासा, कारण गांडुळांवर जगणारा हा लहानसा साप दिवसा बहुधा त्यांच्याखालीच दडलेला असतो.

- दगड नेहमी स्वतःच्या दिशेने कलता उचला, म्हणजे खाली कॉपरहेड हा विषारी साप असल्यास दगडाचाच आडोसा राहील. नंतर तो होता तसाच ठेवा. नवखे नेमके हेच विसरतात आणि आसऱ्याखालची ओल नाहीशी होते.
- पाठीवरच्या पट्ट्यांमुळे अनेकजण लाइन्ड स्नेकला गार्टर स्नेक हा दुसरा पट्टेदार साप समजतात. पोटावर काळ्या अर्धचंद्राकृती ठिपक्यांच्या दोन ओळी असल्यास ओळख पक्की समजावी.

हाताळणी थोडकीच असावी. घाबरल्यावर तो दुर्गंधीयुक्त स्राव सोडतो.