पीसीएमचा फॉर्मही भरा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. वनस्पती तेलावर जिवाणू वाढवून कुजणारं प्लास्टिक बनवतात, असं तिनं वाचलं आणि आता तिला तेच करायचंय. गणित जड जातं म्हणून सीईटी फक्त पीसीबीची (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) देणार म्हणते, पीसीएमची (गणितवाली) नको म्हणते. तिच्या बाबांना कॉम्प्युटर हवंय. यात पोट भरेल का? तळणाच्या उरलेल्या तेलावर घरी प्रयोग करू का, असंही विचारत असते. – एक आई, भांडुप

नमस्कार ताई,

लेकीनं वाचलंय ते खरं आहे, आणि नवंही नाही. जिवाणूंच्या पोटातलं हे प्लास्टिक फ्रान्सच्या मॉरिस लमवान्य यांनी 1926 सालीच ओळखलं होतं. नायट्रोजन कमी पडला आणि कार्बन मात्र भरपूर मिळाला, की काही जिवाणू तो कार्बन पेशीत कणांच्या रूपात साठवतात, आपल्या अंगावर चरबी चढते तसा. या कणांना पीएचए म्हणतात. क्युप्रिअ‍ॅव्हिडस नेकेटर या जिवाणूच्या कोरड्या वजनात 80 टक्क्यांपर्यंत हाच माल निघू शकतो. तेलाचा फायदा असा, की एक किलो साखरेतून साधारण 300-400 ग्रॅम पीएचए मिळतं, तर तेलातून 600-800 ग्रॅमपर्यंत.

मग बाजारात सगळीकडे का दिसत नाही? कारण अडचण जिवाणूत कमी आणि त्यांना वाढवायच्या टाकीत, म्हणजे फर्मेंटरमध्ये, जास्त आहे. तेल पाण्यात मिसळत नाही, टाकीत फेस होतो, हवा पुरवावी लागते. शेवटी पेशी फोडून प्लास्टिक वेगळं काढायचं, तेही महागडं सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव) फार न वापरता. पीएचएचा सर्वांत साधा प्रकार, पीएचबी, ठिसूळ असतो, त्यामुळे त्याची रेणूरचना बदलावी लागते. ही सगळी कामं केमिकल इंजिनीअरची आणि पॉलिमरवाल्याची, आणि त्यांना गणित लागतंच. म्हणून माझा आग्रह : पीसीबी द्या, पण पीसीएमचा फॉर्मही भरा.

तुम्ही मुंबईत आहात हे तिचं नशीब. माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, केमिकल इंजिनीअरिंग आहेच, शिवाय तेल तंत्रज्ञान आणि पॉलिमर या शाखांत बी.टेक. करता येतं. तिच्या विषयाची दोन्ही टोकं एकाच आवारात! प्रवेश सीईटी आणि जेईई मेनच्या गुणांवर होतो आणि चुरस मोठी असते, हे मात्र धरून चाला. नाही जमलं तर मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. करून एम.एस्सी.कडे जावं. आयआयटी मुंबईतल्या एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीचा रस्ता जॅम या प्रवेश परीक्षेतून जातो. नुसत्या बी.एस्सी.वर थांबायचं असेल तर हा मार्ग घेऊ नका. पुष्कळ मुलं मग क्वालिटी कंट्रोलच्या एकाच टेबलावर अडकतात.

आता पोटाचं. जपानची कानेका कंपनी वनस्पती तेलापासून हे प्लास्टिक विकते. अमेरिकेत कॅनोला तेल वापरणारी डॅनिमर मात्र मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे जेजुरीला प्राज कंपनीनं 2024 मध्ये जैव-प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, पण त्यातलं पीएलए हे वेगळं प्लास्टिक. त्यात खाद्यतेल आपण निम्म्याहून अधिक आयात करतो, तेव्हा इथे असा धंदा उभा राहिलाच तर टाकाऊ किंवा अखाद्य तेलावर राहील, असं मला वाटतं. थोडक्यात, फक्त पीएचएच्या भरवशावर नोकरी मोजू नका. फर्मेंटेशन, म्हणजे टाकीत जिवाणू वाढवून माल काढणं, शिकलेल्याला औषधं, लसी, एन्झाइम, कुठेही काम मिळतं. शिफ्ट मात्र असतात, हे तिला आत्ताच सांगा.

बाबांना सांगा, कॉम्प्युटर वाया जात नाही. फर्मेंटरची आकडेमोड आणि जनुकांचा अभ्यास आता त्यावरच चालतो. पण तिला जे आवडतं तिथे ती प्रोग्रामिंग जास्त लवकर शिकेल.

घरी जिवाणू वाढवू देऊ नका. त्यातून नको ते जंतू वाढतात आणि हाताशी येतं ते प्लास्टिक नसतंच. त्याऐवजी दोन बाटल्यांत पाणी आणि थोडं तेल घ्यायला सांगा, एकीत बाभळीचा डिंक विरघळवून. दोन्ही सारख्या हलवायच्या आणि तेल वर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहायचं. प्रयोगशाळेत तेल जिवाणूंपर्यंत पोचवायला असाच डिंक वापरतात. डिंक दुप्पट केला तर वेळ दुप्पट होतो का, याचा आलेख तिनं काढावा, गणिताच्या वहीत.