पहिली नोकरी जिल्ह्यातच कर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

सामाजिक धोरणाच्या अभ्यासावर पोट भरायचं तर मुंबई-पुणे गाठावंच लागेल का, असं तू विचारलंस. पुढेमागे लागेलही. पण पहिली दोन-तीन वर्षं जिल्ह्यात काढ, असं मी आग्रहाने सांगेन.

बरे पगार मुंबई-पुण्यात आहेत, हे खरं. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चणं भाग पडलं. ज्यांना असा खर्च १० कोटी किंवा त्याहून जास्त करावा लागतो, त्यांना २०२१पासून मोठ्या प्रकल्पांचं मूल्यमापन त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावं लागतं. कंपन्यांची मुख्यालयं तिथे, म्हणून हे काम घेणाऱ्या सल्लागार संस्थाही तिथेच. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस), पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट आणि बार्टी (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था) या संशोधन संस्थाही याच पट्ट्यात येतात. परदेशी निधीवर चालणाऱ्या पदांवर मात्र फार भिस्त ठेवू नकोस. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफसीआरए कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला असा निधी छोट्या संस्थेकडे वळवता येत नाही.

जिल्ह्यातल्या जाहिरातींत ‘संशोधक’ हा शब्द क्वचितच सापडेल. ‘जिल्हा समन्वयक’, ‘एम अँड ई ऑफिसर’ (म्हणजे कामावर देखरेख नि मूल्यमापन करणारा) अशा नावांनी शोध. ग्रामीण महिला बचत गटांसाठीचं राज्याचं उमेद अभियान बघ, मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात निघते का त्यावर लक्ष ठेव. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव हे आकांक्षित जिल्हे, म्हणजे केंद्राने विकासात मागे म्हणून निवडलेले जिल्हे, आहेत, तिथे आकडे नीट वाचणारी माणसं लागतात. बहुतेक पदं कंत्राटी, पगार बेताचा. कायम नोकरीच हवी असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या भरतीची तयारी कर, विषयाची अट आधी तपासून.

एवढं असून जिल्हाच का? सर्वेक्षणात बाईला ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारलं, की ‘नाही, घरीच असते’ असं उत्तर येतं. ‘गेल्या आठवड्यात कापूस वेचायला गेला होतात का?’ असं विचारलं, की तीच बाई चार दिवसांची मजुरी सांगते. पहिल्या उत्तरावर बेतलेल्या तक्त्यात ती बेरोजगारही नसते, कामकरीही नसते. ती हिशेबातच नसते. प्रश्न कुठे चुकतो हे ओसरीवर बसल्याशिवाय कळत नाही आणि ज्याला ते कळतं त्याला पुढे मुंबईतही मान मिळतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अभ्यास गडचिरोलीच्या खेड्यांत केला. १९९९मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभराच्या कार्यक्रमात उतरला.

आत्तापासून एक कर. तुझ्या जिल्ह्यातली एकच योजना घे. तिचे जीआर (शासन निर्णय) मुळातून वाच, जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं जिल्ह्याचं पत्रक शेजारी ठेव, आणि चार पानांचं टिपण मराठीत नि इंग्रजीत लिही. प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा मुलाखतीत ते जास्त कामी येईल. एक्सेल पक्कं असू दे, मग आर किंवा स्टाटा यांपैकी एक सांख्यिकी सॉफ्टवेअर शीक.

आणि मुलाखतीत संकोच न करता विचार: करार किती महिन्यांचा, गावोगाव फिरण्याचा भत्ता वेगळा की पगारातच, अहवालावर माझं नाव येणार का. टिपणाचा कच्चा मसुदा झाला की मला पाठव. मी ओळ न् ओळ वाचेन.

तुझी,
बाई