पोरगं फॉरेक्समध्ये जायचं म्हणतंय आणि रविवारी मासा बेक करतंय, काय करू?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं नेहमीचंच आहे, अशी पत्रं हल्ली येतच असतात, पण शेवटी तुम्ही माशाचा विषय काढलात आणि मी परत पहिल्यापासून वाचायला बसलो. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई सोलापुरातल्याच, घरी मशीनवर शाळेच्या युनिफॉर्मचं काम घेतात, मुलगा बी.कॉम. सेकंड इयरला. सात-आठ महिने झाले तो मोबाईलवर फॉरेक्स ट्रेडिंग, म्हणजे परदेशी चलनांची खरेदी-विक्री, करायलाय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चार्ट बघत बसतो. पहिल्याच महिन्यात ३,८०० रुपये काढून त्यानं घरात ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) आणला, दर रविवारी त्यात मासा बेक करतो, आणि आता म्हणतो कॉलेज सोडतो, तुझ्या भिशीचे ६० हजार दे, फुल टाइम ट्रेडर होतो. ताई विचारतात पैसे द्यावेत का, का मग स्वयंपाकाची एवढी आवड आहे तर हॉटेल मॅनेजमेंटला घालावं.

भिशीचे पैसे देऊ नका. एवढं आधी सांगून टाकतो, बाकी सावकाश बोलू.

तुम्ही लिहिलंय की "काहीतरी मिळत असणारच ना ओ सर, ओटीजी तर डोळ्यासमोर आहे." अहो तीच तर गंमत आहे. असल्या बऱ्याच ॲपवाल्यांचा पहिला विड्रॉल अगदी बिनबोभाट होतो, दोन-तीन हजार रुपये खात्यात येतात, पोरगं चार मित्रांना सांगतं, आईला दाखवतं आणि मग मोठी रक्कम टाकतं. गळाला गांडूळ लावल्याशिवाय मासा कुठला लागतो. पुढं मोठी रक्कम काढायला गेलं की कधी "व्हेरिफिकेशन बाकी आहे", कधी "आधी टॅक्स भरा मग पैसे सुटतील". असा टॅक्स कुणी मागितला तर एक रुपया भरायचा नाही, सरळ १९३० ला फोन लावायचा, तो सायबर फ्रॉडचा हेल्पलाइन नंबर आहे.

आता कायद्याचं सांगतो कारण टेलिग्रामवरचे गुरु हे सांगत नाहीत (त्यातल्या बऱ्याच जणांना पोरं जोडून दिल्याचं कमिशन मिळतं, तुमचं पोरगं हरलं काय आणि जिंकलं काय त्यांना फरक पडत नाही). आपल्या देशात चलनाचं ट्रेडिंग करायला परवानगी आहे ती एनएसई, बीएसईसारख्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर किंवा रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिलेल्या प्लॅटफॉर्मवरच, म्हणजे डॉलर-रुपया, युरो-रुपया, पाउंड-रुपया, येन-रुपया वगैरे. बाहेरच्या देशातल्या ॲपवर मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) म्हणून पैसे पाठवणं फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही आणि दंड रकमेच्या तिप्पट पर्यंत होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेनं असल्या बेकायदा प्लॅटफॉर्मची अलर्ट लिस्ट २०२२ पासून लावलीय, तिच्या वेबसाइटवर आहे, पोराला म्हणा तुझ्या ॲपचं नाव त्यात आहे का बघ, आणि नाव नाही म्हणजे ॲप चांगलं असंही नाही, हे पण त्याला सांगा.

तो लगेच म्हणेल मग मी एनएसईवर करतो. तिथंही गोची आहे. ५ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं सर्क्युलर काढलं आणि ३ मे २०२४ पासून ते लागू झालं. ज्याचा खरोखर परदेशी चलनाशी संबंध आहे, म्हणजे ज्याला डॉलर यायचेत किंवा द्यायचेत, त्यानंच एक्स्चेंजवर रुपयाच्या जोड्यांमध्ये व्यवहार करायचा. कागद दाखवावा लागत नाही एका मर्यादेपर्यंत, पण व्यवहार खरा असायला पाहिजे. बी.कॉम.च्या पोराला कुठून यायचेत डॉलर?

आणि पैसे जातात कसे ते कागदावर मांडून दाखवा त्याला. बाहेरच्या ॲपवर १:५०० लिव्हरेज मिळतं म्हणून पोरं खूश असतात. म्हणजे १०,००० रुपयांवर ५० लाखाचा सौदा. ऐकायला भारी वाटतं, पण ५० लाखाचे ०.२ टक्के किती झाले? १०,०००. म्हणजे युरो १.१००० डॉलरवरून १.०९७८ वर आला की तुमचे सगळे दहा हजार साफ, आणि एवढी हालचाल युरो कधीकधी चहा पिऊन होईपर्यंत करतो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अमेरिकेतले नोकऱ्यांचे आकडे शक्यतो येतात, आपल्याकडं संध्याकाळी सहा नाहीतर सात वाजता, त्या वेळी बघा पोराचं तोंड कसं होतं ते. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ ला शेअरच्या फ्युचर-ऑप्शनचा (पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांचा) हिशेब काढला होता, तीन वर्षांत १०० पैकी ९३ जण तोट्यात. ते आपल्या देशातलं, नियमात चालणारं मार्केट, आणि तिथं ही गत.

एवढं बोललो म्हणजे मी चलनाच्या विरोधात आहे असं समजू नका, उलट माझी पहिली नोकरीच त्यातली. काउन्सेलिंगला यायच्या आधी मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलवाल्याकडं एक्सपोर्टची कागदपत्रं बघायचो. आपल्या सोलापूरचे टेरी टॉवेल कुठंकुठं जातात तुम्हाला माहितीच आहे. २०१३ च्या मे महिन्यात डॉलर ५५ च्या आसपास होता, २८ ऑगस्टला तो ६८ च्या वर गेला. आमच्या शेठनी जूनअखेरीसच बँकेत ४०,००० डॉलर साठच्या भावानं फॉरवर्ड बुक करून, म्हणजे पुढं येणाऱ्या डॉलरचा भाव आधीच पक्का करून ठेवलेले. मी नवीन, डोक्यात हवा, कॅल्क्युलेटर घेऊन केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं शेठ तीन लाख वीस हजार गेले की हो आपले. त्यांनी सुताच्या बिलावरनं मान पण वर केली नाही. म्हणाले, "मला टॉवेलात कमवायचंय, डॉलरात नाही." शेजारच्या युनिटवाला सत्तर होणार म्हणून थांबला होता, त्याचं पेमेंट ऑक्टोबरात आलं तेव्हा भाव ६१-६२.

चलनाचं खरं काम हे असलं असतं ताई आणि ते आपल्या गावात आहे. टॉवेल, चादरी, डाळिंब, द्राक्षं, सगळ्याचे पैसे डॉलर-युरोत यायचे असतात, त्यासाठी शिपिंग बिल, बिल ऑफ लॅडिंग, लेटर ऑफ क्रेडिट असले एक्सपोर्टचे कागद बघणारा माणूस लागतो, बँकेशी भाव ठरवून फॉरवर्ड बुक करणारा लागतो. सुरुवातीला पगार बेताचाच असतो, खोटं सांगत नाही, पण तीन-चार वर्षांत हात बसला की माणसाला शोधत येतात. बी.कॉम. पूर्ण करायचंच, कारण बँकेच्या पीओ (ऑफिसरच्या) परीक्षेला डिग्री लागते, आणि बँकेत शिरला की पुढं फॉरेन एक्स्चेंज डिपार्टमेंटला, नशीब असेल तर मुंबईला ट्रेझरीत जायची वाट असते. दिवसभर डॉलरचे सौदे करायचे त्याला एवढे डोहाळे लागलेत ना, ते काम तिथं पगार घेऊन करतात, स्वतःच्या आईच्या भिशीवर नाही. तोपर्यंत एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची करन्सी डेरिव्हेटिव्हची (चलनाच्या वायद्यांची) परीक्षा द्यायला लावा, सिरीज वन म्हणतात तिला. अभ्यास करून पास झाला तर आवड खरी, नाहीतर नुसता नाद आहे हे त्यालाच कळेल. आणि दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या एक्सपोर्टरकडं महिनाभर फुकट बसू दे, ओळख मी काढून देतो.

हॉटेल मॅनेजमेंटचं म्हणाल तर, आठवड्यातनं एकदा घरच्यांसाठी मासा करणं आणि रोज दोनशे माणसांच्या ऑर्डरीखाली उभं राहणं यात लई अंतर आहे. त्यानं स्वतः तोंडानं मागितलं तर बघू. तुम्ही मागू नका.

पण मासा मात्र सोडू नका. तुम्ही लिहिलंय तो ओटीजीसमोर स्टूल टाकून बसतो, तेवढा वेळ मोबाईल बाजूला असतो. मग बोलायचं ते तेव्हाच बोला, रात्री दोनला दार वाजवून नको. ओरडू नका, फक्त पासबुक पुढं ठेवा आणि म्हणा ॲपला एकूण किती गेले आणि परत किती आले, दोनच आकडे लिही. ॲपमधला बॅलन्स मोजायचा नाही, बँकेत आलेले तेवढेच. अजून एक विचारा, पैसे ॲपला पाठवतोस का कुणा माणसाच्या यूपीआयवर. माणसाच्या असेल तर आजच बंद, आणि स्वतःचं खातं कुणाला वापरायला दिलेलं असेल तर अजिबात लपवू नको म्हणावं, त्यात खातं फ्रीज होतं आणि पोलिसांच्या चकरा सुरू होतात.

त्याची रेसिपी तुम्ही पाठवली ती मी गेल्या रविवारी केली. उजनीची चिलापी मिळाली, अर्ध्या किलोची, खवले-कल्ले काढून घेतले, दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत तीन-तीन चिरा, मीठ-हळद-लिंबू लावून पंधरा मिनिटं. मग सुटलेलं पाणी पुसून काढायचं, हे तुमच्या पोरानं बरोबर लिहिलंय, नाहीतर मासा बेक न होता शिजतो. लसूण, कोथिंबीर, काळं तिखट आणि दोन चमचे तेल चिरांमध्ये भरलं, खाली कांद्याच्या जाड चकत्या, आधी गरम केलेल्या ओटीजीत २०० डिग्रीला २०-२५ मिनिटं. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सुटं व्हायला लागलं की झालं. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खाल्ला, बायको म्हणाली हे पोरगं कोण आहे त्याला घरी बोलवा. फक्त त्याला एक विचारा, वरनं शेंगा चटणी तो नक्की कधी घालतो, कारण मी सुरुवातीलाच घातली आणि ती करपून काळी झाली, मला वाटतंय शेवटच्या पाच मिनिटांत घालत असणार.

पुढच्या आठवड्यात दोघंही या, संध्याकाळी सहानंतर. पासबुक आणा, ॲप उघडून दाखवायची गरज नाही.