वेग, चाल आणि नसलेले ‘कालाकुंचन’

प्रश्न असा आहे : ‘सापेक्षता सिद्धांतानुसार कालप्रसरण, म्हणजे धावते घड्याळ आपल्या मोजणीत सावकाश चालणे, वेगावर अवलंबून असते. वेग ही सदिश, म्हणजे दिशा असलेली, राशी आहे. मग यान दूर जाताना कालप्रसरण होत असेल, तर ते जवळ येताना कालाकुंचन होते असे म्हणावे का?’

म्हणू नये. ‘कालाकुंचन’ हा शब्द हल्ली वरचेवर कानावर पडतो आणि दर वेळी तितकाच खटकतो, कारण तो ज्याचे नाव म्हणून वापरला जातो ती घटनाच घडत नाही. घड्याळ किती पट सावकाश चालते हे सांगणाऱ्या लोरेन्ट्झ गुणकात वेगाचा वर्ग येतो, आणि वर्ग केला की दिशेचे चिन्ह पुसले जाते. प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने जाणाऱ्या घड्याळाचा एक सेकंद आपल्या मोजणीत १.२५ सेकंदांचा भरतो. मग ते घड्याळ येत असो, जात असो की आडवे निघून जात असो. म्हणजे काटेकोर परिभाषेत हा परिणाम वेगावर नव्हे, चालीवर, म्हणजे वेगाच्या दिशाविरहित मापावर, अवलंबून असतो. गाण्याची चाल आणि सोंगटीची चाल सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यावर शब्द खर्च करीत नाही.

खरी मौज ‘वेग’ या शब्दात आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘विज्’ या धातूचा अर्थ ‘भय आणि चलन’ असा दिला आहे, म्हणजे दचकणे, थरथरणे, भीतीने अंग काढून घेणे. उद्वेग आणि उद्विग्न हे याच धातूचे, आवेग याचाच, आणि पदार्थविज्ञानाने उचललेला संवेगही (वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार) याचाच. वेगाच्या जन्मपत्रिकेत हादरा आहे, दिशा नाही. आयुर्वेद ज्यांना अडवू नये असे सांगतो त्या वेगांमध्ये भूक, तहान आणि जांभई येतात, आणि जांभईला सदिश राशी ठरवण्याचे धाडस अजून कोणी केलेले नाही. माझे तर असे मत आहे की ‘तो वेगाने पळाला’ म्हणताना कोणीकडे पळाला याची आपण जी फिकीर करीत नाही, ती या मूळ अर्थाचीच शिल्लक आहे. दिशा ही पाठ्यपुस्तकांनी पुढे चिकटवलेली अट आहे.

यावर काही पंडित प्रशस्तपादांचा दाखला पुढे करतात. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या या भाष्यकाराने वेगाला ‘नियतदिक्क्रियाप्रबन्धहेतु’, म्हणजे ठरावीक दिशेच्या क्रियामालिकेचा हेतू, म्हटले आहे, तेव्हा दिशा मुळातच होती, असा त्यांचा दावा असतो. त्यांनी समासातले शेवटचे पद वाचण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत. ठरावीक दिशेची आहे ती क्रियांची मालिका. वेग हा तिचा हेतू, म्हणजे कारण. ते गतीचे माप नव्हे, तर वस्तूत साठलेला एक संस्कार आहे. तर्कसंग्रह या न्याय-वैशेषिकाच्या प्रवेशग्रंथातही संस्काराचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीनच प्रकार दिले आहेत, आणि त्यांतला तिसरा आजच्या ‘स्थितिस्थापकते’त जवळजवळ मूळ अर्थाने नांदतो आहे. आजची जुळणी करायचीच असेल, तर प्रशस्तपादांचा वेग संवेगाच्या अधिक जवळ जातो.

असो. ‘कालाकुंचना’चा दोष मात्र एकट्या वेगाचा नाही. उष्णतेच्या धड्यात प्रसरण आणि आकुंचन ही जोडी एकदा मनात बसली, की ‘कालप्रसरण’ म्हणताच दुसरे पद आपोआप दारात उभे राहते. म्हणून मी ‘कालविस्फारण’ पसंत करतो. त्याचा विरुद्धार्थी शब्द चटकन कोणाला सुचत नाही, हाच त्याचा गुण आहे. ‘कालाकुंचन’ सुचण्याचे दुसरे कारण म्हणजे दिसणे आणि असणे यांतली गल्लत. वर सांगितलेले घड्याळ दूर जात असेल, तर त्याचे ठोके आपल्याला दोन-दोन सेकंदांनी दिसतात आणि जवळ येत असेल, तर अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने. हा फरक दिशेचाच आहे, परंतु त्याचे नाव डॉप्लर परिणाम. दोन ठोक्यांच्या दरम्यान घड्याळ ०.७५ प्रकाशसेकंद, म्हणजे प्रकाशाला ०.७५ सेकंद लागतील इतके अंतर, सरकते. घड्याळ दूर जात असेल तर तेवढा वेळ वजा करा, जवळ येत असेल तर मिळवा, दोन्हीकडे १.२५ सेकंदच उरतात. आयव्ह्ज आणि स्टिलवेल यांनी १९३८ मध्ये धावत्या हायड्रोजन अणूंचा पुढचा आणि मागचा असा दोन्ही प्रकाश तपासला तो याचसाठी, की सरासरी घेताच डॉप्लरचा दिशेवर अवलंबून असलेला मुख्य भाग निघून जावा.

१९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी विमानातून पृथ्वीभोवती फिरवलेली आण्विक घड्याळे पूर्वेकडच्या प्रवासात सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडच्या प्रवासात २७३ नॅनोसेकंद पुढे गेली, हे उदाहरण दिशेच्या बाजूने नेहमी दिले जाते. उंचीमुळे दोन्ही वेळा घड्याळे पुढेच जातात. फरक पडतो तो पृथ्वीच्या परिवलनामुळे. पूर्वेकडे जाताना विमानाची चाल त्यात मिळवली जाते, पश्चिमेकडे जाताना वजा होते. दिशेमुळे बदलली ती चाल.

आणि आकुंचन हा शब्द वापरण्याची हौसच असेल, तर सापेक्षतेत त्याला हक्काची जागा आहे. लांबीचे आकुंचन खरोखरच दिशा पाहते : ते गतीच्या दिशेत होते, आडव्या दिशेत मुळीच होत नाही.