सिंगापूरला एकटी निघालेय, किती पैसे लागतील?

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांची, सांगलीची. पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली. आता सिंगापूरच्या एका कंपनीत नोकरी लागली आहे. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथं नोकरी करायचा परवाना, मंजूर झालाय, पगार महिना ६,५०० सिंगापूर डॉलर. घर, वसतिगृह आणि मैत्रिणींबरोबरचा फ्लॅट एवढंच आजवर पाहिलंय, एकटी कधी राहिलेली नाही. तिथं ओळखीचं कुणी नाही. बाबा एसटीतून निवृत्त झालेत. घराच्या कर्जाचा ३५,००० रुपयांचा हप्ता मी भरते, तो पुढंही मीच भरणार. ऑफिसमधले म्हणतात, पगार भरपूर आहे, स्वतंत्र स्टुडिओ घे. आई म्हणते, तिकडं सगळंच महाग, हातात काही उरायचं नाही. जाताना किती पैसे न्यावेत आणि महिन्याचा हिशोब कसा बसवावा? आईचा आणखी एक प्रश्न आहे: कुकर न्यायचा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: हिशोबाचं आधी सांगते, कुकरचं शेवटी.

मी २००९ मध्ये अशीच एकटी गेले. पहिली खोली तोआ पायोला घेतली आणि पुढं ११ वर्षं त्या बेटावर राहिले. माझी भाची आज सेंगकांगला राहते. भाड्याचे आणि जेवणाचे आकडे परवाच तिला फोन करून विचारून घेतले, म्हणजे तुला माझ्या काळातले भाव द्यायला नकोत.

तिथं माणूस रोजच्या खर्चानं बुडत नाही. रोजचा खर्च डोळ्यांना दिसतो, त्यामुळे हात आपोआप आखडतो. बुडवतात ते वर्षातून एकदाच येणारे खर्च. पहिल्या महिन्यात ते घोळक्यानं येतात, मग वर्षभर गप्प बसतात आणि तू निर्धास्त झालीस की पुन्हा दारात उभे राहतात. तुझा हिशोब त्यांच्यासाठी मांडायचा आहे.

पहिला महिना बघू. खोलीचं भाडं १,१०० डॉलर धर. वर्षाच्या करारावर एक महिन्याचं डिपॉझिट, म्हणजे आणखी १,१००. एजंट तुझ्या बाजूनं असेल तर साधारण अर्ध्या महिन्याचं कमिशन, ५५०. भाडेकरारावर मुद्रांक शुल्क लागतं, एकूण भाड्याच्या ०.४ टक्के. वर्षाच्या करारावर ते जेमतेम ५३ डॉलर होतं, पण सही केल्यापासून १४ दिवसांत भरावं लागतं. खोली मिळेपर्यंत दहा-बारा दिवस कुठंतरी टेकावं लागेल, त्याचे १,००० धर. कंपनी ती सोय करते का, हे आजच ईमेल करून विचार. पहिल्यांदा जाणाऱ्या मुली हे विचारायला संकोचतात आणि हजार डॉलर घालवतात. गादीवरची चादर, उशी, बादली, इस्त्री, भांडी यांचे २५०, आणि पहिला पगार होईपर्यंत खाणंपिणं-प्रवास ५००. बेरीज साडेचार हजारांच्या वर जाते. तू ५,००० डॉलरची तयारी ठेव. डॉलर ६५ ते ७० रुपयांच्या दरम्यान धरला तर साधारण साडेतीन लाख रुपये होतात. यातले थोडे रोख आणि बाकीचे फॉरेक्स कार्डवर ठेव. एवढे पैसे जवळ नसतील तर कंपनीकडं आगाऊ रक्कम माग, पगारातून हप्त्यानं कापून देतात का विचार. क्रेडिट कार्डाच्या भरवशावर विमानात बसू नकोस.

आता खोली. यावर जास्त बोलते, कारण तुझं वर्ष कसं जाईल हे खोलीवर ठरतं. स्टुडिओ पहिल्या वर्षी नको. एकटीचा साधा स्टुडिओ घ्यायचा तर सहज २,८०० ते ३,५०० डॉलर जातात, म्हणजे निम्मा पगार फक्त दार बंद करून बसायला. एचडीबीत खोली घे. एचडीबी म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाचे ब्लॉक. तिथली बहुतेक माणसं त्यातच राहतात, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. खाली बाजार, दवाखाना, हॉकर सेंटर म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांचा बाजार, सगळं पायाखाली असतं.

खोलीची जाहिरात साधारण अशी असते: 'कॉमन रूम, एअरकॉन रात्री १० ते सकाळी ७, लाइट कुकिंग, नो व्हिजिटर्स, पीयूबी इन्क्लुडेड.' यातला प्रत्येक शब्द पैशाचा आहे. कॉमन रूम म्हणजे बाथरूम सामायिक, मास्टर रूम म्हणजे स्वतःचं बाथरूम, आणि भाड्यात दोन-चारशे डॉलरचा फरक. पीयूबी म्हणजे वीज-पाण्याचं बिल. ते भाड्यात आहे की वेगळं, आणि वेगळं असेल तर किती जणांत वाटायचं, हे करारात लिहून घे. एसीचे तास लिहिलेत याचा अर्थ दुपारी लावलास तर मालकीण दार वाजवणार. सगळ्यात महाग शब्द आहे 'लाइट कुकिंग'. काही घरांत त्याचा अर्थ भात आणि उकडलेली अंडी, काही घरांत मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम करण्यापुरती मुभा.

मी पहिली खोली 'नो कुकिंग'ची घेतली, कारण ती शंभर डॉलरनं स्वस्त होती. त्या शंभरापायी तिन्ही वेळा बाहेर खाल्लं. महिनाअखेर वही उघडली तेव्हा वाचवलेल्या शंभराच्या जागी जेवणावर अडीचशे जास्त गेलेले दिसले. पोटाचे हाल वेगळेच. दुसऱ्या घरी परवानगी होती. पहिल्या दिवशी मी मटकीच्या उसळीला मोहरी-हिंगाची फोडणी दिली. घरमालकीण आँटी खोकत खोकत स्वयंपाकघराच्या दारात आली, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी होती: तळण-फोडणी बंद. मी ती चिठ्ठी काढून हातात घेतली आणि तिच्यासमोर जाऊन बसले. रविवारी सकाळी ती चर्चला जायची. त्या दोन तासांत मी खिडकी उघडी ठेवून काय हवं ते शिजवायचं आणि ती यायच्या आत ओटा पुसून ठेवायचा, असं ठरलं. पुढची तीन वर्षं दर रविवारी आठवड्याच्या भाज्या-उसळी करून डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवले. माझा पहिल्या वर्षाचा पैसा खरा वाचला तो त्या दोन तासांत. म्हणून खोली बघायला जाशील तेव्हा तोंडावर विचार: "मी भारतीय स्वयंपाक करते, फोडणीचा वास येतो, चालेल ना?" नाही म्हणाल्या तर निघ, घर कितीही छान असलं तरी.

लांबच्या खोलीला घाबरू नकोस. एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, भाडं अंतरावर असतं, पण जवळच्या आणि अगदी लांबच्या फेरीत दीड डॉलरचाही फरक पडत नाही. मध्यवस्तीतून बाहेर गेलीस की भाडं मात्र दोनशेनं उतरतं. जातो तो वेळ. एका दिशेला पन्नास मिनिटांपर्यंत चालेल, त्यापुढं नको.

पैसे देताना मात्र डोळे उघडे ठेव. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवायचा नाही, समोरच्यानं कितीही कागदपत्रं दाखवली तरी. एजंटचं नाव आणि फोन नंबर सीईए या सरकारी संस्थेच्या यादीत तपासता येतात, तपास. एचडीबीच्या भाड्याचे पैसे एजंटनं स्वतःकडं घेणं तिथं नियमाविरुद्ध आहे. डिपॉझिट आणि भाडं मालकाच्या खात्यावरच जायला हवं. एचडीबीतलं भाडं सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं देता येत नाही आणि मालकानं तुझी नोंद एचडीबीकडं करावी लागते. "नोंद नको, रोखीनं देऊ" म्हणणाऱ्याच्या घरात पाऊल टाकू नकोस. उद्या तपासणी झाली तर बाहेर पडशील तू.

आता कराचं, इथं आपली माणसं हमखास फसतात. पुण्यात पगारातून टीडीएस कापून उरलेलं हातात पडायचं. सिंगापुरात दर महिन्याला कर कापत नाहीत. एम्प्लॉयमेंट पासवरच्या परदेशी माणसाला तिथला भविष्यनिर्वाह निधी, सीपीएफ, लागू नाही. म्हणजे कपात नाही आणि कंपनीचा वाटाही नाही. भारतीय वंशाच्या पगारदारांकडून 'सिंडा'ची वर्गणी तेवढी जाते, तुझ्या पगारावर महिना ९ डॉलर. आपल्या समाजातल्या गरजू घरांतल्या मुलांच्या शिक्षणाला ती वापरतात. बाकी सगळा पगार खात्यात येतो आणि माणसाला वाटतं, हा सगळा आपलाच.

तो सगळा आपला नसतो. जानेवारी ते डिसेंबरच्या कमाईवर पुढच्या वर्षी बिल येतं. तू वर्षाच्या मध्याला रुजू झालीस तर पहिलं बिल पाच-सहा महिन्यांच्याच पगाराचं, अगदी किरकोळ येईल. मलाही तसंच आलं होतं. वाटलं, इथं कर नावालाच आहे. दुसऱ्या वर्षी पूर्ण बारा महिन्यांचं बिल आलं तेव्हा माझी सगळी शिल्लक दिवाळीच्या तिकिटात आणि बहिणीच्या लग्नात गेलेली होती. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ते पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या पगारावर, बोनस न धरता, पूर्ण वर्षाचा कर साधारण ३,१४० डॉलर होईल. पहिले २०,००० करमुक्त, पुढच्या १०,००० वर २ टक्के, त्यापुढच्या १०,००० वर साडेतीन आणि नंतर ७ टक्के, असा तो चढतो. बँक खात्यातून आपोआप कापून घेण्याची 'जायरो' नावाची सोय आहे, तिच्यातून बारा बिनव्याजी हप्ते करून मिळतात, ते जरूर घे. पण पहिल्या पगारापासून महिना २७० डॉलर दुसऱ्या खात्यात टाकायला लाग आणि ते खातं फोनवर दिसणार नाही अशी सोय कर. नोकरी सोडून परत येताना कंपनीला तुझा शेवटचा पगार कर चुकता होईपर्यंत रोखून ठेवावा लागतो. तेव्हा परतीचं तिकीट आणि महिन्याचा खर्च वेगळा असायलाच हवा.

दुखण्याचंही असंच. सरकारी दवाखान्यातली सवलत नागरिकांना आणि कायम रहिवाशांना आहे, तुला पूर्ण दर. एस पास आणि वर्क परमिट या दुसऱ्या परवान्यांवरच्या कामगाराचा वैद्यकीय विमा काढणं मालकाला सक्तीचं आहे, एम्प्लॉयमेंट पासवाल्याचा नाही. बहुतेक चांगल्या कंपन्या काढतात, पण तुझ्या ऑफर लेटरमध्ये काय लिहिलंय ते वाच. फक्त रुग्णालयात भरती झाल्यावर मिळणार, की साध्या तापाचंही? दातांचं? उत्तर 'नाही' आलं तर स्वतः काढ.

महिन्याचा हिशोब माझ्या वहीत मी असा मांडला असता: खोली आणि पीयूबी १,१८०, जेवण आणि किराणा ५५०, प्रवास १२०, फोन २०, कराचा डबा २७०, घरचा हप्ता ५३०, गावाकडच्या तिकिटाचा डबा १२०, दुखण्याचा ६०, कपडेलत्ते आणि फिरणं ४००. बेरीज ३,२५० होते, म्हणजे निम्मा पगार. आईला हा आकडा दाखव. उरलेल्या निम्म्यातून आधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी तिथल्याच बँकेत साठव, मग भारतात पाठव. नोकरी गेली तर पासही जातो आणि राहायला थोडेच दिवस मिळतात, म्हणून गंगाजळी तिथंच हवी. इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं, करून घे आणि हप्ता त्यातून जाऊ दे. सिंगापूरचं 'पेनाऊ', म्हणजे तिथली फोनवरून पैसे पाठवायची सोय, २०२३ पासून आपल्या यूपीआयशी जोडलेलं आहे, लहान रकमा त्यावरून जातात. मोठ्या रकमेला दोन-तीन ठिकाणचा दर बघून घे.

जेवणाचं थोडं आणखी. हॉकर सेंटरमध्ये चार ते सहा डॉलरमध्ये पोट भरतं. रेस्टॉरंटच्या मेनूवर किमतीपुढं दोन अधिकची चिन्हं दिसली तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९ टक्के जीएसटी लागणार, म्हणजे वीस डॉलरची थाळी चोवीसला पडते. किराणा लिटल इंडियात, तेक्का सेंटरच्या बाजारात आणि मुस्तफा या मोठ्या दुकानात. पोहे, साबुदाणा, हिंग, सगळं मिळतं. गोडा मसाला आणि भाजणी मात्र घरची ने. नळाचं पाणी सरळ पिण्यासारखं आहे, बाटल्या विकत घेऊ नकोस. पहिले तीन महिने रुपयांत गुणाकार करायचा नाही, हे मी तुला मनापासून सांगते. सहा डॉलरचा डोसा चारशे रुपयांचा दिसला की मुली जेवण टाळतात. भाचीनं तसं केलं आणि दोन महिन्यांत पाच किलो उतरली. तू डॉलरमध्ये कमावतेस, डॉलरमध्येच जेव.

ओळखीचं कुणी नाही म्हणतेस, तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जा. परत निघालेली कुटुंबं मिक्सर, टेबल, इस्त्री निम्म्याहून कमी किमतीत देऊन जातात, आणि फोडणी चालणाऱ्या आँट्यांचे पत्तेही तिथंच मिळतात.

कुकर ने. तीन लिटरचा, इंडक्शनवर चालेल अशा सपाट बुडाचा, कारण भाड्याच्या घरात बऱ्याचदा गॅसला हात लावू देत नाहीत. रबरी रिंगा दोन जादा आणि शिट्टी एक जादा घे. इलेक्ट्रिकच्या वस्तू नेशील तर व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, पण भिंतीतला प्लग चौकोनी तीन पिनांचा असतो, आपल्या गोल पिना त्यात बसत नाहीत. दोन ॲडॉप्टर हातातल्या पिशवीत ठेव. आणि आईला सांग, कुकर सामानात भरताना आतली जागा रिकामी सोडायची नाही, भाजणीची पिशवी त्यात बरोबर मावते.