गादीखालची रिकामी पाकिटे

पत्र : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, नोकरी करतो आणि आमच्याजवळच राहतो. सकाळी काही न खाता बाहेर पडतो, दिवस शीतपेयांवर आणि पाकिटबंद खाऊवर काढतो, रात्री आमच्याबरोबर दोन घास खाऊन उठतो आणि मध्यरात्री बाहेरून काहीतरी मागवतो. वर्षभरात त्याचे वजन बरेच वाढले आहे. त्याच्या वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे मी रोज समजावते, रागावते, कधी रडतेसुद्धा. तो गप्प बसतो किंवा दार लावून घेतो. गेल्या आठवड्यात त्याची खोली आवरताना गादीखाली रिकाम्या पाकिटांचा ढीग सापडला आणि माझे हातपायच गळाले. मी काय करू? – एक आई

प्रिय ताई,

तुम्ही लिहिलेली प्रत्येक काळजी रास्त आहे, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गादीखालची पाकिटे. कमावता मुलगा स्वतःच्या पैशाने आणलेला खाऊ स्वतःच्याच घरात लपवून खातो, तेव्हा तो काय खातो याच्याही आधी तो का लपवतो हे पाहावे लागते.

साधी शक्यता ही की, तो बोलणी टाळतो आहे. ताटावर बसले की आज काय खाल्लेस, किती खाल्लेस, वडिलांकडे बघ, हेच ऐकावे लागणार अशी खात्री झाली की माणूस दोन घासांत उठतो आणि पोटभर खाणे दाराआड नेतो. तुमच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण रोज त्याच सुरात बोललेली माया ऐकणाऱ्याला पहाऱ्यासारखी वाटू लागते.

दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे. थोड्या वेळात खूप खाणे, आता थांबताच येणार नाही असे वाटणे, भूक नसताना खाणे, लाजेपोटी एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःचीच घृणा येणे, असे आठवड्यातून एकदा तरी आणि सलग तीन महिने होत असेल, तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले. अशा मुलाला ‘मनावर ताबा ठेव’ असे सांगून काहीही साधत नाही, उलट त्याची लाज वाढते. मात्र मानसोपचारतज्ज्ञाबरोबरच्या नियमित उपचाराने पुष्कळांना चांगला गुण येतो. जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊन उलटी काढणे किंवा दिवस दिवस उपाशी राहणे असे काही दिसले, तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

या दोहोंपैकी काय खरे, हे तुम्हाला किंवा मला परस्पर ठरवता येणार नाही. ते तोच सांगू शकेल, आणि त्यासाठी त्याला विचारावे लागेल. जेवणाची वेळ सोडून, घरात घाई नसताना, त्याच्याशी एकदाच बोला आणि आधी स्वतःची बाजू मोकळी करा : “तुझी खोली आवरताना गादीखालची पाकिटे पाहिली. तुला न विचारता आवरायला गेले, ते चुकलेच. मी रागावलेली नाही. तुला हे लपवावेसे वाटले, याचे मला वाईट वाटते आहे. खाताना तुला कधी थांबता येत नाही असे होते का?” एवढे बोलून गप्प राहा. तो लगेच उत्तर देणार नाही, आणि ती शांतता तुम्हाला फार जड जाईल, तरीही ती उपदेशाने भरू नका.

त्याच्या मध्यरात्रीच्या भुकेबद्दलही थोडे सांगायला हवे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास करण्यात आला. ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि पुन्हा मनसोक्त खायला मिळाल्यावर कितीही खाल्ले तरी त्यांतील काहींचे समाधान होईना. तुमच्या मुलावर तशी वेळ आलेली नाही. पण सकाळी पोट रिकामे, दिवसभर नुसते चरणे आणि रात्री दोन घास, अशा दिवसाची सारी थकबाकी शरीर रात्री वसूल करते. त्यात जागरणाची भर पडली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे घटते. म्हणून मी मध्यरात्रीचे खाणे बंद करण्याच्या मागे लागणार नाही. निघता निघता हातात घेऊन खाता येईल असा नाश्ता सकाळी टेबलावर ठेवीन, आणि तो तसाच राहिला तरी अवाक्षर काढणार नाही.

मधुमेहाचा विषय त्याच्या वडिलांवर सोपवा, असे मला मनापासून वाटते. त्यांचा आजार टाइप २ असेल, तर मुलाला धोका इतरांपेक्षा जास्त आहे, आणि हे वडिलांनी स्वतःच्या अनुभवातून एकदा सांगणे तुमच्या शंभर सूचनांहून परिणामकारक ठरेल. त्यांनी पुढच्या तपासणीला त्याला बरोबर न्यावे आणि त्याचीही एचबीए१सी चाचणी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी) करून घ्यावी : ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह.

सुरुवात कशापासून करू, असे त्याने आपणहून विचारले, तर शीतपेयापासून कर म्हणा. ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार अशी वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी, म्हणजे सरासरी प्रौढाला ५० ग्रॅमच्या आत असावी. त्याने विचारले नाही, तर हा हिशेब तुमच्याजवळच राहू द्या.

आठ दिवसांत फरक शोधू नका. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. या काळात जेवताना त्याच्या कामाबद्दल, मित्रांबद्दल, घरातल्या कशाहीबद्दल बोला. त्याचे ताट आणि त्याचे वजन हे दोन विषय तेवढे वर्ज्य ठेवा.

आणि त्याची खोली आता त्याची त्यालाच आवरू द्या. पुढे एखाद्या सकाळी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात, अगदी वरच, उघड्यावर टाकलेले रिकामे पाकीट दिसेल. ते पाहून काहीही म्हणू नका, झाकण लावा आणि चहा करायला घ्या.