ऊसतोडीला जाताना एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या, गोळ्यांचं काय करायचं?

बीडहून पश्चिम महाराष्ट्रात सहा महिने तोडीला जायचं आणि दर महिन्याला गोळ्यांसाठी गावी यायचं, हे जमणार नाहीच. टोळी निघण्याच्या पंधरा दिवस आधी तुमच्या एआरटी केंद्रावर जाऊन समुपदेशकाला कारखान्याचा जिल्हा आणि परतीचा अंदाजे महिना सांगा. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. पुढच्या गोळ्या कारखान्याजवळच्या एआरटी किंवा लिंक केंद्रातून (एआरटी केंद्राला जोडलेलं, गोळ्या देणारं छोटं केंद्र) घ्यायची सोय आत्ताच विचारून घ्या. उपचाराचं पुस्तक जवळ ठेवा. ते नसलं की नव्या ठिकाणी हेलपाटे ठरलेले. व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची) वर्षाची तपासणी याच काळात येत असेल तर ती आधीच उरकायला सांगा.

आता गोळी. डोलुटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाची एकत्रित गोळी असेल तर ती रोज एकच, ठरल्या वेळी. झोप उडत असेल तर सकाळी फडात जाण्याआधी घ्या. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचं औषध सोबत गिळलं की गोळी अंगी नीट लागत नाही. डोलुटेग्राविरची गोळी त्या औषधाच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनी घ्या. बायांना रक्तवाढीच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, तिथेच ही चूक होते. टीबीचं औषध सुरू झालं तर केंद्रात लगेच कळवा, डोस बदलावा लागू शकतो.

मुकादमाला आजार सांगायची सक्ती नाही. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय तो आजार उघड करता येत नाही. अडलंच तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, मोफत आहे.